आवाज कमी कर

रानशेतच्या त्या पाड्यावर कुणाच्या दारावरून मुकाट्यानं जाणं म्हणजे भांडण असल्याची खूण. पाण्याला जा, नाहीतर लाकडाला जा, अंगणासमोर आलं की हाक मारायची, "काय करतेस गो?" आतून काहीतरी उत्तर यायचं. काय आलं याला महत्त्व नव्हतं, आलं म्हणजे झालं. वर्षाची सासू बुधीबाई तर एवढं लांबलचक उत्तर द्यायची, की हाक मारणारीला डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवावा लागे.

मग गेल्या वर्षी घरात टीव्ही आला. वर्षाचा नवरा रूपेश झाई बंदरातल्या मासेमारी बोटीवर खलाशी. हंगाम संपवून आला तो टीव्ही खांद्यावर घेऊनच. वर्षाला आनंद झाला, पण सिनेमे बघायला मिळतील म्हणून नव्हे. ती मसोलीकडच्या वाडीत चिकू निवडायला जायची. घरी सात वर्षांची चंद्रिका आणि अधू डोळ्यांची सासू. सुट्टी लागली की पोरगी ओहोळाच्या डोहावर पळायची, म्हातारी काठी टेकत तिच्यामागं, आणि तिकडं वाडीत वर्षाचा जीव टांगणीला. टीव्ही आला आणि पोरगी घरात बसली. खुंटीला बांधल्यासारखी बसली म्हणा ना.

टीव्ही लागल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरेना. खेळायला आलेल्या पोरींशी ती कार्टूनमधल्या हिंदीत बोलायची, नाहीतर बोलायचीच नाही. हळूहळू पोरी यायच्या थांबल्या. वर्षाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण दिवसभर वाकून कंबर मोडलेल्या बाईला घरी आल्यावर पोरगी जागेवर सापडते, हेच पुष्कळ होतं.

बुधीबाईही भिंतीला टेकून बघायची. बोका कड्यावरून पडला की कळवळायची, "मेला गो बिचारा!"

"नाय मरत, आजी. उठतो तो. बघ."

बोका उठायचा आणि दोघी हसायच्या. एका गोष्टीवर मात्र म्हातारीचं डोकं फिरायचं. टीव्हीचा आवाज वाढला, की असेल तिथून उठून यायची. "आवाज कमी कर गो! कान फुटले माझे!" एरवी चार हाका मारल्या तरी जागची न हलणारी आजी तेवढ्यासाठी ताडकन उठते, याची चंद्रिकेला भारी मजा वाटायची. ती मुद्दाम वाढवायची.

दारावरच्या हाका मात्र कमी होत गेल्या. त्या गोंगाटात आतलीला ऐकू येईना आणि बाहेरचीला उत्तर मिळेना. टीव्ही चालू आहे म्हणजे माणसं घरात आहेत, बरी आहेत, असं बायका धरून चालल्या.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वर्षा टमटममधून उतरली, तेव्हा टीव्हीचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. ती तणतणत घरात शिरली. बुधीबाई चुलीजवळ आडवी पडलेली, तोंड वाकडं, छाती घरघरतेय. आणि चंद्रिका टीव्हीजवळ बसलेली, हातात रिमोट. डहाणूच्या दवाखान्यात नेताना म्हातारी वाटेवरच गेली. डॉक्टर म्हणाले, झटका दुपारीच आला असावा, तेव्हाच आणलं असतं तर कदाचित वाचली असती. तो 'कदाचित' वर्षाच्या काळजात रुतून बसला.

शेजारची नवशी ऊर बडवत होती. "दोनदा तुझ्या दारावरून गेले गो मी. एवढा मोठा आवाज! म्हटलं, दोघी मजेत हायेत."

वर्षानं सगळ्यांदेखत चंद्रिकेच्या थोबाडीत दिली. "आजी मरत होती आणि तू टीव्ही बघत बसलीस? नवशीला हाक मारता नाय आली तुला?"

"आय, मी आवाज..."

वर्षानं दुसरी लगावली. पोरगी गप्प झाली ती गप्पच झाली.

रूपेश आला, आईचे दिवस उरकून पुन्हा बोटीवर गेला. वर्षानं टीव्हीची वायर उपटून वर गोणपाट टाकलं. पाड्यावर कुजबुज चालू होती, असली कसली पोर, आजी समोर पडली तरी डोळ्यांत टिपूस नाही. वर्षा ऐकून घ्यायची, कारण तिला स्वतःलाही तेच वाटत होतं. पोटची पोर जवळ घ्यावीशी वाटत नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण पोरीला कळत होतं. ती कोपऱ्यात बसून जेवायची, ताट धुऊन ठेवायची आणि आईच्या वाटेत येणार नाही अशी वावरायची.

पावसाळा तोंडावर आला होता. वर्षाला वाडीतच ताप भरला, म्हणून ती दुपारीच घरी आली आणि चुलीजवळच्या गार जमिनीवर तशीच आडवी झाली. अंग तापलेलं, डोळे उघडवेनात. चंद्रिकेनं दोन-तीनदा हाक मारलेली तिला झोपेत कुठंतरी लांबून ऐकू आली, पण ओ द्यायचं त्राण नव्हतं.

मग एकदम टीव्ही किंचाळला. संगीत, धावपळ, खिदळणं, सगळं घर दणाणलं. वर्षाच्या डोक्यात तिडीक गेली. आई तापानं फणफणतेय आणि हिला कार्टून हवंय! ती तोल सावरत उठली आणि हात उगारून पोरीच्या अंगावर गेली.

गोणपाट खाली पडलं होतं, वायर पुन्हा खोचलेली होती. पोरगी टीव्हीकडं पाठ करून, आईकडं तोंड करून उभी होती. हात उगारलेला दिसत असूनही ती हलली नाही. उलट तिचा चेहरा सैल पडला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी आलं.

"उठलीस," ती म्हणाली.

वर्षाचा हात तसाच राहिला.

"त्या दिवशी पण आवाज मोठा केला होता मी. पार शेवटपर्यंत केला." ती हुंदके देत होती. "आजी नाय उठली, आय."

वर्षा खाली बसली आणि पोरीला तिनं छातीशी ओढलं. त्या संध्याकाळीही पोरीचं तोंड म्हातारीकडंच होतं. तेव्हा दिसलं होतं, पण बघितलं नव्हतं. पोरगी जिवाच्या आकांतानं आजीला उठवत होती आणि त्याच आवाजानं पाड्याला सांगत होती की आत सगळं ठीक आहे. वर्षाला मोठ्यानं रडू फुटलं. टीव्ही बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही.

बाहेर अंगणासमोरून नवशी डोक्यावर हंडा घेऊन चालली होती. टीव्हीचा आवाज ऐकून ती हाक न मारताच पुढं गेली.