सगळ्यांना मनाई

मी फोल्डर. पिवळा, कॉम्प्युटरमधला. मला कुणी बोल म्हटलेलं नाही, तरी बोलतो. गप्प बसून बसून पोट फुगलंय.

माझा जन्म कारेलीबागेतल्या एका फ्लॅटात, सात वर्षांमागं झाला. समरजितनं गाव वसवायचा एक खेळ आणला, तो ज्यात ठेवला तो मी. खेळायचे दोघं, तो आणि त्याची धाकटी बहीण शलाका. रस्ता कुठून न्यायचा यावर इतकं भांडायचे की त्यांची आई मृदुलाबाई वायर ओढायची धमकी द्यायची. भांडण मिटलं की गाव माझ्या पोटात ठेवायचे. मी ते सांभाळलं. मला दुसरं येतं काय?

मग समरजित फौजेत गेला. वर्षातून एकदा रजा मिळाली तर मिळाली. तेवढ्या दिवसांत गावात भर पडायची. एरवी शलाका मला हात लावायची नाही.

यंदा जुनी डिस्क गच्च भरली. दादा यायच्या आत शलाकानं मला उचलून नव्या डिस्कवर नेलं, घरच्या मोठ्या फोल्डरात. तिथं जमिनीचे उतारे, लग्नाचे फोटो आणि आता मी. पोरीनं बिऱ्हाड नीट हलवलं. तिची चूक नाही.

चूक विक्रमसिंहांची. ते पोरांचे वडील. पादरा इथल्या एका कारखान्याच्या गेटवर पहारा देतात. मृदुलाबाईंकडं शिकवणीला येणाऱ्या पोरांनी एक फोटो उडवला, म्हणून ह्यांनी समरजितची रजा संपायच्या आदल्या रात्री मोठ्या फोल्डरला कुलूप घातलं. वाचा, पण लिहायची मनाई. कुणाला? सगळ्यांना. गेटवरच्या पाटीवर लिहितात तसं. सगळ्यांत आपण आणि आपली पोरंही येतात, हे डोक्यात आलं नाही. वरची मनाई आपोआप आतल्यांवर उतरते. माझ्यावरही उतरली.

रजेच्या शेवटच्या दिवशी दोघांनी सकाळपासून नदीवर पूल बांधला. तीनदा कोसळला, चौथ्यांदा उभा राहिला. तीन वाजता माझ्यात ठेवायला गेले, तर परवानगी नाही.

"चौकीवर मला सलाम ठोकतात," समरजित म्हणाला, "आणि घरात माझाच पास चालेना."

सहाची गाडी होती. खेळ माझ्याशिवाय दुसरीकडं ठेवू देत नाही; बंद केला तर पूल जाणार. शलाकानं तो चालू ठेवून दुखणं शोधलं. वरून उतरलेली मनाई माझ्यापुरती तोडायची आणि लिहायची परवानगी द्यायची. दोन मिनिटांचं काम. पण ह्या घराची रीत अशी, की ज्यानं पहारा लावला त्यानंच तो उठवायचा. तिनं वडिलांना फोन लावला.

"पप्पा, तुमचं कुलूप काढू का? दादाचा पूल अडकलाय."

"हात नाही लावायचा. मी येऊन काढतो."

"कधी येणार?"

"बस, निघालोच समज, बेटा."

दोघं बसून राहिले. साडेचारला लाइट गेली. पूल माझ्या दारात उभा होता, तिथूनच गेला.

समरजितनं बॅग भरली. दर वेळी निघताना बहिणीला टपली मारायचा, ती मारली नाही. विक्रमसिंह आले तेव्हा रिक्षा स्टेशनच्या वाटेला लागली होती. लाइट आल्यावर ते बूटही न काढता खुर्चीत बसले. शलाका दाखवत गेली, ते दाबत गेले.

"झालं ना?"

"झालं, पप्पा."

ती उठून आत गेली.

आता माझ्यात घरचं कुणीही लिहू शकतं. चार महिने झाले, कुणी लिहिलेलं नाही. विक्रमसिंह ड्यूटीवर जाण्याआधी रोज मला उघडतात, परवानगी आहे का बघतात आणि बंद करतात. गावात डोकावत नाहीत.

विक्रमसिंह, मला तपासू नका. मी ठीक आहे. पोराला फोन लावा आणि चुकलं म्हणा. तुमचा हुकूम मी पाळला. मीही म्हणतो, चुकलं.