एकाच बादलीत

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्यांच्या इमारतीच्या बोअरवेलच्या पाण्यात युरेनियम सापडलं, म्हणून शेजारची भव्या घाबरून रत्नाकरकडे आली. खनिजांच्या सरकारी खात्यात असताना तो उभं आयुष्य डोंगराडोंगरांतून युरेनियमच शोधत हिंडला होता.

"काका, यानं कॅन्सर होतो?"

"आधी किडनी जपायची. शिशासारखाच जड धातू आहे हा. ते पाणी पिऊ नका, फिल्टर बसवून घेऊ. किरणांचं म्हणशील, तर यात जवळजवळ सगळं २३८ जातीचं युरेनियम असतं. त्यातलं निम्मं विरायला साडेचारशे कोटी वर्षं लागतात, इतकं ते संथ. अणुभट्टीला लागतं ते २३५, ते शंभरात एक भागही नसतं. आणि याचे अल्फा किरण साध्या कागदानं अडतात. कातडीतून आत जात नाहीत."

"सरी, बरं काका," म्हणत भव्या गेली.

रत्नाकरची बायको कल्पना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

"मग कपड्यांवरची धूळ?"

"कुठले कपडे?"

"तुम्ही साइटवरून आणायचात ते. मी ते ईराच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवायचे."

ईरा त्यांची एकुलती एक मुलगी. सहाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरनं गेली, त्याला आता तीस वर्षं होत आली. त्यानंतर कल्पनानं दुसरं मूल नको म्हणून सांगून टाकलं. ती माझ्या नोकरीला दोष देतेय, असं रत्नाकरला वाटलं. त्यानं कारण विचारलं नाही. साइटवर मात्र तो जास्तच राहू लागला.

"त्या धुळीनं नाही झालं," तो आता म्हणाला. "कपड्यांवरच्या तेवढ्याशा धुळीनं तो आजार होत नाही. का झाला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं."

कल्पना खुर्ची धरून हळूच बसली. "मला वाटायचं, माझ्याच हातून झालं. अजून एक लेकरू आणायचं आणि त्यालाही..."

"मला विचारायचं तरी."

"आणि तुम्ही 'हो, धुळीनंच झालं' म्हणाला असतात तर?"

खुर्ची ओढून रत्नाकर तिच्याजवळ बसला आणि त्यानं तिचा हात हातात घेतला. तिनं तो सोडवून घेतला नाही.

"तेव्हा मी तिशीचीसुद्धा नव्हते, हो," ती म्हणाली.