सायीच्या रंगाचे स्कार्फ

आमच्या दुकानात वसंत आईच्या झोपेतून येतो.

हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग हळूच दाराकडे. पण खरं आहे. थंडी सरत आली की एखाद्या पहाटे आईला स्वप्नात रंग दिसतो. माणसं नसतात, गोष्ट नसते, नुसता रंग. मग ती अंथरुणातच उठून बसते, डोळे मिटलेलेच ठेवते आणि मला हाक मारते. मी वही-पेन्सिल घेऊन तिच्या पायाशी बसायचं आणि ती बोलेल ते लिहून घ्यायचं. डोळे उघडले की रंग सांडतो म्हणे.

दुकान केवढं, तर दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. आम्ही स्कार्फ विकतो, केसांचे पट्टे, कापडी फुलांचे ब्रूच, ड्रेसवर बांधायचे पट्टे, आणि शेवटी उरलेल्या तुकड्यांच्या चिमुकल्या पर्सेस. सगळं एकाच रंगात, त्या वसंताच्या. नवा ड्रेस प्रत्येकीला परवडत नाही आणि परवडला तरी दरवर्षी कशाला, असं आईचं म्हणणं. "कपडा जुनाच असू दे गं, गळा नवा कर," ती गिऱ्हाइकाला सांगते आणि स्कार्फ असा काही बांधून देते, की समोरची बाई आरशात स्वतःलाच ओळख विचारते. लायब्ररीतल्या बाई वीस वर्षं एकच करडा कोट घालतात आणि तरी दर वसंतात लोक त्यांना म्हणतात, कोट नवा घेतलात वाटतं. पहिला स्कार्फ त्यांचाच असतो.

या वर्षी रंग आला तेव्हा मी तापानं फणफणले होते. तरी वही घेतली.

"साय," आई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "पण दुधावरची नव्हे. चमच्याला लागून राहते ना, जराशी वाळलेली, तिच्या कडेचा रंग. पिवळा म्हणू नकोस. पिवळा म्हटलं की पळून जातो."

मी लिहिलं, 'साय, चमच्याची, वाळलेली, कड.' आणि पुन्हा पांघरुणात शिरले. म्हणून कापड आणायला आई एकटीच गेली.

इथे मला एक कबूल करायचं आहे. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि गेली दोन वर्षं मी तिला घाऊक कापडाच्या दुकानात एकटीला सोडलंच नव्हतं. ती ताग्यांवर बोट ठेवायची, "हा," म्हणायची आणि मी तो तागा उचलल्यासारखं करून शेजारचा उचलायचे, वहीत लिहिलेल्याशी जुळणारा. तिला कळायचं नाही. दुकानदाराला कळायचं, पण तो चांगला माणूस, मूग गिळून गप्प बसायचा. मला वाटायचं, मी केवढी शहाणी मुलगी. आता वाटतं, शहाणपणा कसला, सरळ सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

तर आई एकटी गेली आणि तागे घेऊन आली. चेहरा असा, जणू जत्रेतून आलेली लहान मुलगी. तिनं तागा माझ्या अंगावरच उलगडला.

"सापडला. पहिल्याच फळीवर होता. बघ."

मी बघितलं. कापड सुती होतं, सुरेख मऊ होतं आणि पांढरं होतं. पांढरं म्हणजे धुतलेल्या चादरीसारखं पांढरं. 

"छान आहे," मी म्हणाले.

आईनं मशीन काढलं. शिवायला तिला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. पण सुई ओवणं आणि दोरा निवडणं गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलं होतं. दोऱ्याच्या बाबतीत आमच्या घरात एकच कायदा आहे. दोरा कापडात विरघळला पाहिजे. कडेला टीप दिसली की तो माल आमचा नाही. मी रिळांचा डबा दारापाशी उजेडात नेला आणि कापडात विरघळेल असा दोरा काढला. पांढरा, पॉलिस्टरचा. आठ दिवसांत एकशे चाळीस स्कार्फ झाले. आईनं काचेत पाटी लावली: 'या वसंतात, साय.' विक्री मात्र तिच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर सुरू करायची ठरली. आधी उजवा डोळा, महिन्यानं डावा.

ऑपरेशन सकाळी झालं. दुपारी आई घरी आली, डोळ्यावर पट्टी लावून. तीन दिवसांनी पट्टी निघणार होती आणि मग ती दुकानात येऊन आपला वसंत स्वतःच्या नव्या डोळ्यानं बघणार होती. हे ती शेजारणीला सांगत होती तेव्हा माझी पाचावर धारण बसली. तिला पांढरं दिसणार होतं. ते पांढरं पाहून ती पुन्हा कुठल्याही रंगावर बोट ठेवणार नव्हती. मी तिला ओळखते. नाकावर माशी बसू न देणारी माणसं पडतात तेव्हा पुन्हा उठायला बघत नाहीत.

मी आत्याला बोलावून घेतलं. पट्टी उचलून आईच्या डोळ्यात तासातासाला थेंब घालायचे होते आणि आत्या घड्याळाची इतकी पक्की, की एक मिनिट आधीच झाकण उघडून उभी.

"तू कुठे चाललीस?" तिनं विचारलं.

"रंगवायला."

"काय?"

"वसंत," मी म्हणाले आणि चप्पल घातली.

दुकानाच्या मागे हातभर अंगण आहे. तिथे मी मोठं पातेलं चढवलं, रंगाची पूड आणली आणि वहीतलं पान पातेल्याजवळ दगडाखाली ठेवलं. साय, चमच्याची, वाळलेली, कड. तीन दिवस सकाळ ते संध्याकाळ मी स्कार्फ बुचकळत होते. पहिले दहा लिंबासारखे झाले. पुढचे वीस आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखे. हळूहळू हात बसला. दोऱ्यांवर ओळीनं वाळत घातलेले स्कार्फ वारा आला की एकदम उठायचे, एकदम बसायचे आणि ऊन त्यांच्यातून झिरपून माझ्या हातांवर पडायचं. खरं सांगते, भीती होतीच, पण त्या तीन दिवसांत मी अशी काही सुखात होते, की मध्येच काठी हातात धरून नुसती उभी राहायचे. आपण कुणाच्या तरी स्वप्नाच्या आत कपडे वाळत घालतोय, असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी आई आली. काळा चष्मा लावून, आत्याचा हात धरून. रस्त्यात तिनं तीन वेळा थांबून आकाश बघितलं होतं, असं आत्या म्हणाली. दुकानाच्या दाराला हात लावून ती उभी राहिली.

"हे दार निळं आहे?"

"निळंच आहे. तूच रंगवून घेतलंयस."

"इतकं निळं?" ती म्हणाली. "कुठे होता गं हा रंग इतकी वर्षं?"

मग आत आली. स्कार्फ मी दोरीवर ओळीनं लावले होते. तिनं चष्मा काढला. एक स्कार्फ ओढून घेतला आणि सवयीनं दारापाशी, उजेडात गेली. कापडाला रंग दुकानात नसतो, दारात असतो, हे तिचंच वाक्य. तिनं कापड बघितलं. मग कड बघितली. मग दुसरा स्कार्फ घेतला, त्याची कड बघितली. तिसरा.

तेव्हा मला दिसलं. तीन दिवस शंभर वेळा हातातून गेलेलं मला तेव्हा दिसलं. कापडानं रंग घेतला होता. दोऱ्यानं घेतला नव्हता. पॉलिस्टर सुती कापडाचा रंग घेत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. प्रत्येक स्कार्फच्या चारी कडांनी पांढरी टीप लख्ख चमकत होती.

"दोरा तू लावलास," आई म्हणाली.

"हो."

"म्हणजे कापड पांढरं होतं. आणि तुला दिसत होतं."

आत्या थेंबांच्या बाटलीवरचं नाव वाचायला लागली.

"मागच्या वर्षी?" आईनं विचारलं.

मी मान खाली घातली.

"त्याच्या मागच्या?"

आईनं तिन्ही स्कार्फ घडी करून फळीवर ठेवले, अगदी चौकोनी. कमरेची दुकानाची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"रंग आता तू काढत जा. काढतेसच. आणि डॉक्टरांना कळव, डावा डोळा करायचा नाही."

"अगं, का?"

"नको. बघून झालं सगळं."

ती निघाली आणि मी दारातच पायरीवर बसले. मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. चूक तिच्या डोळ्यांची नव्हतीच. मी दोन वर्षं तिला एका काचेच्या घरात ठेवलं होतं आणि वर म्हणत होते, की हे प्रेम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररीतल्या बाई आल्या, करडा कोट घालून, पहिल्या स्कार्फसाठी. आई दुकानात नाही म्हटल्यावर त्या पायरीवरच थांबल्या. "मग मी नंतर येते," म्हणाल्या, "त्या बांधतील तेव्हा." आणि गेल्या. मी गल्ल्यामागे बसून राहिले. खालच्या खणात एक स्कार्फ होता, न रंगवलेला. का ठेवला होता माहीत नाही. आईनं शिवलेला तसाच एक राहावा, एवढंच. मी दुकान बंद केलं आणि तो घेऊन घरी गेले.

आई खिडकीत बसली होती. मी स्कार्फ तिच्या मांडीवर ठेवला.

"हा तू आणलेला. पांढरा आहे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. घाबरले मी."

तिनं तो उचलला. मग नव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि जुन्या डोळ्यानं बघितलं. हात काढला, जुना डोळा झाकला. पुन्हा उलट केलं. खेळ चालल्यासारखं चाललं होतं.

"इकडे ये," ती म्हणाली. "या डोळ्यानं पांढरा. अगदी चुना. आणि या मोतीबिंदूच्या डोळ्यानं..." ती थांबली. "अगं, हाच तो. चमच्याची कड. हुबेहूब. मी चुकले नव्हते गं. मला दिसला होता."

मी स्कार्फकडे बघितलं. मला पांढरा दिसत होता. मी एक डोळा मिटला, मग दुसरा. पांढराच.

"मला नाही दिसत," मी म्हणाले आणि या वेळी खरंच रडले.

आईनं मला रडू दिलं. मग उठली आणि पायात चपला घातल्या.

"पातेलं चढव."

अंगणात तिच्यासाठी स्टूल ठेवलं. पांढरा स्कार्फ तिनं गुडघ्यावर पसरला. मी रंगाचं पाणी केलं आणि कापडाचा एक तुकडा बुडवून, वाळवून तिच्यापुढे धरला. जुन्या डोळ्यानं ती गुडघ्याकडे बघायची, मग नव्या डोळ्यानं माझ्या हाताकडे.

"लिंबू झालं. पाणी घाल."

मी पाणी घातलं.

"आता आजारी वाटतोय. चिमूटभर तांबूस टाक. चिमूटभर म्हटलं, मूठभर नाही! हात आहे की फावडं?"

"तुझाच हात घेतलाय मी."

"माझा असता तर एव्हाना झालं असतं."

असे बावीस तुकडे झाले. दोरीवर ते ओळीनं डुलत होते आणि आई एका डोळ्यावर हात ठेवून, तोंडानं काहीतरी पुटपुटत, एकदा हा डोळा, एकदा तो डोळा करत होती. शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली आणि काही न विचारता परत गेली. तेविसावा तुकडा मी पुढे धरला. आईनं गुडघ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा गुडघ्याकडे. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि दोन्ही डोळे मिटले, पहाटे बसते तशी.

"हा," ती म्हणाली.

मी हातातल्या तुकड्याकडे बघितलं. पिवळा नव्हता तो. पिवळा म्हटलं असतं तर पळून गेला असता. चमच्यावर वाळलेल्या सायीची कड होती, आणि आणखी काहीतरी होतं, ज्याला मी वहीत आजवर शब्द लिहिला नव्हता. वीस वर्षं मी तिच्या पायाशी बसून रंग लिहून घेत होते आणि तिला दिसणारा रंग मला आज पहिल्यांदा दिसत होता.

"दिसला?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"दिसला."

"नक्की? माझं मन राखायला म्हणत नाहीस ना?"

"नाही गं. दिसला."

तिनं डोळे उघडले आणि हात पुढे केला. मी किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिनं ती कमरेला खोचली.

"सगळे पुन्हा बुडवायचे," ती म्हणाली. "टीप पांढरीच राहू दे, बरी दिसते. लायब्ररीतल्या बाईंचा आधी काढ." मग गुडघ्यावरच्या स्कार्फची हळू घडी घातली. "आणि डॉक्टरांना कळव, दुसरा डोळाही करून टाका म्हणावं. रंग आता तुझ्याकडे आहे."