पाठीवरची चरबी

सगुणाबाईच्या बोटांना डोळे आहेत, असं निमोण्यात म्हणत. ही कळप होता तेव्हाची गोष्ट. चाकणच्या बाजारात व्यापारी मेंढरू पुढं करायचा आणि सासरे तिला हाक मारायचे. ती शेवटच्या बरगडीच्या मागं, कण्याच्या दोन्ही अंगांना चार बोटं टेकवायची. लोकर कितीही दाट असो, खाली मांस आहे की नुसतं हाड, ते तिला तिथल्या तिथं कळायचं. "आजारातनं उठलंय, पर भरलंय. घ्या," म्हणायची. नाहीतर, "वरनं फुगलंय, आत कायबी न्हाई." तिच्या शब्दावर सौदा व्हायचा.

पुढं चराईची रानं गेली, रांजणगावच्या अंगाला कारखान्यांची कुंपणं पडली आणि कळप विकावा लागला. तिच्या नवऱ्यानं, म्हस्कूनं, विहीर पाडून कांदा लावला. बोटं मात्र तशीच राहिली. शेजारच्या बाया आपली लेकरं तिच्या मांडीवर आणून टाकायच्या. "बघा हो आत्या, धरतंय का अंग?"

हनुमंत तिचा एकुलता. बायको हर्षदाला घेऊन कारेगावात खोली करून राहायचा, कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होता. दोन हजार सहाच्या दिवाळीला घरी आला तो नुसता सापळा. खोकला दोन महिन्यांचा. थुंकी तपासली, टीबी निघाला. त्याच्या नावाचा गोळ्यांचा खोका गावच्या अंगणवाडीत आला. दिवसाआड जायचं आणि तुळजाबाई सेविकेसमोर एका वेळी सात गोळ्या गिळायच्या.

सगुणाबाईनं त्याला ठेवून घेतलं. हर्षदाला म्हणाली, "तुझ्या हातचं खाऊन वाळला. आता माझ्या हातचं खाऊन बघू दे." अंडी, पायांचं सूप, भाकरीवर तूप. दोन महिन्यांत हनुमंत सात किलो भरला. थुंकी साफ आली. एका सकाळी तो उघड्या अंगानं न्हाणीपाशी बसला होता. तिनं त्याच्या पाठीवर चार बोटं टेकवली आणि हसली.

"भरला गं बाई. हाड लागंना कुठं."

"अजून चार महिने हायेत गोळ्या," हनुमंत म्हणाला.

"लघवी लाल व्हती ना त्या गोळ्यांनी? रगात जळतंय त्ये. बऱ्या झालेल्या बकऱ्याला कोन औषध पाजतं का?"

हनुमंतलाही गोळ्यांचा कंटाळा आला होता. पोटात ढवळायचं, आणि सुपरवायझर रोज विचारत होता, येतोस की दुसरा घेऊ. तो कामावर गेला. आता आठवड्याचं पाकीट घरी न्यायला मिळायचं आणि रिकामं परत करायचं असा नियम होता. सगुणाबाई तुळजाबाईकडे जायची. "कारेगावला पोचवती," म्हणायची. घरी येऊन एकेक गोळी फोडून उकिरड्यात टाकायची आणि पुढच्या सोमवारी रिकामं पाकीट नेऊन द्यायची. हर्षदानं विचारलं तेव्हा सांगितलं, कोर्स संपला. चार महिने असं चाललं. त्यात तिला पाप वाटलं नाही. पोराचं रक्त वाचवलं, असंच वाटत होतं.

दोन वर्षं बरी गेली. मग खोकला परत आला. नोकरी सुटली. हर्षदाचं माहेर दौंडला, तिथं रेल्वेच्या मालधक्क्याजवळच्या एका गोदामात त्याला काम लागलं. दोन हजार नऊच्या श्रावणात पोतं उचलताना त्याच्या तोंडून रक्त आलं.

निरोप मिळाला तशी सगुणाबाई शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं दौंडला आली. सरकारी दवाखान्यात डॉक्टर हनुमंतला विचारत होते.

"आधीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या?"

हनुमंतनं आईकडं बघितलंही नाही. "व्हय. सहाच्या सहा महिने."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पूर्ण घेऊनही थुंकी जंतूंनी इतकी भरलेली? मग हे जंतू त्या गोळ्यांना जुमानत नसणार. नमुना पुण्याला पाठवू."

सगुणाबाई बाहेर आली आणि लॅबच्या दारात खाली बसली. आत राजश्री काम करत होती. कवठे येमाईच्या चांगदेवची लेक. चांगदेवच्या रानात एके काळी सगुणाबाईचा कळप खतासाठी बसायचा, तेव्हा ही पोर मेंढ्यांच्या मागं पळायची. आता तिच्या अंगावर पांढरा कोट होता.

"मावशी, फरशी गार हाय. स्टुलावर बसा."

"माझी बोटं कवाच चुकली न्हाईत, राजश्रीबाई," सगुणाबाई एकदम म्हणाली. "मी त्याची पाठ बघितली व्हती. भरला व्हता."

"भरला असंल की. खोटं कोण म्हणतंय?"

"मंग ह्ये परत कुठनं आलं?"

राजश्रीनं हातातली काच खाली ठेवली. "परत आलं न्हाई, मावशी. गेलंच नव्हतं. पुण्याला ट्रेनिंगला आम्हाला फुप्फुसातल्या पेशींचे फोटो दाखवले होते. आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. बाहेरचा जंतू आला की त्या त्याला गिळतात आन् आतल्या आत मारून टाकतात. टीबीचा जंतू तसा मरत न्हाई. आत बसून त्या पेशीची चूलच बदलून टाकतो. चरबी जाळायची सोडून ती पेशी चरबी साठवायला लागती. थेंबाथेंबानं. मायक्रोस्कोपखाली अशा पेशी साबणाच्या फेसागत दिसतात."

"चरबी कशाला?"

"त्याच्या पोटाला. राखणदाराच्याच कोठीत बसून खातो तो."

 सगुणाबाईला रात्रीचा कळप आठवला असावा. ती म्हणाली, "म्हंजी राखणीचं कुत्रंच लांडग्याला भाकरी घालतंय."

"घालतंय न्हाई. लांडगा त्याच्याकडनं घालून घेतोय. आन् त्यातले काही जंतू खाऊनपिऊन तिथंच झोपतात. पहिल्या दोन महिन्यांत मरतात ते जागे. माणसाला भूक लागते, वजन वाढतं, थुंकी साफ येते. पुढचे चार महिने झोपलेल्यांसाठी असतात."

"मंग त्याच्या पाठीवर मला लागली ती चरबी?"

"ती खरीच होती. तो बरा होत होता. पण पाठीवरनं आतलं कसं कळणार?"

सगुणाबाईनं पदर तोंडाला लावला. "पुढचे चार महिने त्यानं गोळ्या घेतल्याच न्हाईत. मी घेऊ दिल्या न्हाईत. उकिरड्यात टाकल्या."

राजश्री वळली. चिडली नाही, उलट तिचा आवाज घाईचा झाला. "हे डॉक्टरांना सांगा. आत्ता. पूर्ण घेऊन आजार उलटला तर जंतू हट्टी. पण मधेच सोडल्या असतील, तर ह्याच गोळ्या अजून चालण्याची आशा हाय."

सगुणाबाई डॉक्टरांकडं गेली आणि उभ्या उभ्या सगळं बोलली. हनुमंत म्हणाला, "आये, गप की." हर्षदा मांडीवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "मला तुमी म्हनला व्हता, कोर्स संपला. माझ्यापास्नं का लपवलं?" 

डॉक्टरांनी तरी नमुना पुण्याला पाठवला. जंतू तिथं वाढवून मग त्यांच्यावर औषधं घालून बघतात, त्याला दोन-तीन महिने लागतात. तोवर त्याच गोळ्या परत सुरू झाल्या, सोबत इंजेक्शनं. सगुणाबाई व्याह्यांच्या घरी पडवीत राहिली. जन्मभर तिनं देवाजवळ पोराबाळांसाठी मागितलं होतं. त्या तीन महिन्यांत ती एकच मागत होती, की हे सगळं आपल्याच हातून झालेलं निघू दे. आपण दोषी ठरलो तर पोरगा वाचेल. आपण निर्दोष असलो तर तो जाईल. सुनेची नजर, विहिणीचं टोचून बोलणं, सगळं तिनं अंगावर घेतलं. विहीण शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्या विहीणबाई डागतरच हायेत की, नुसत्या हातानं तपासत्यात." सगुणाबाई भांडी घासत राहायची.

हनुमंतला भूक लागायला लागली. दीड किलो वाढला. त्याच्या पाठीकडं ती बघायचीसुद्धा नाही.

कार्तिकात पुण्याचा कागद आला. हनुमंत आणि हर्षदा बाहेर बाकावर बसले होते. राजश्रीनं सगुणाबाईला आत बोलावलं. कागद वाचताना तिनं मान वर केली नाही.

"त्या गोळ्यांतली दोन्ही मुख्य औषधं चालत न्हाईत त्याच्यावर, मावशी. वेगळी औषधं लागतील. दोन वर्षं. त्यांच्यासाठी यादीत नाव घालावं लागतं, नंबर लागेस्तोवर थांबायचं."

"कवर?"

"सांगता येत न्हाई."

"आन् त्ये जंतू पहिल्यापास्नंच तसले व्हते, का मी गोळ्या थांबवल्या म्हून तसले झाले?"

राजश्रीनं कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. "मधेच सोडल्यावर होतात तसे. कुणाकडनं आधीच तसले लागलेलेबी असतात. ह्या कागदावर ते कळत न्हाई. आता कशावरच कळणार न्हाई."

सगुणाबाई बाहेर आली. हनुमंत केळ सोलत होता. दोघांनी तिच्याकडं बघितलं.

"चालत न्हाईत," ती म्हणाली. "दुसऱ्या गोळ्या लागत्यात. त्याला नंबर हाय."

हनुमंतनं केळ तसंच हातात धरलं. हर्षदा सासूकडं वळली.

"तवाच पुऱ्या घेतल्या असत्या, तर चालल्या असत्या?"

राजश्रीनं सांगितलेलं सगळं सगुणाबाईच्या ओठावर होतं. पण बावीस-तेवीस वर्षांची ती सून तोंड वर करून थांबली होती, आणि तिला राग धरायला कुणीतरी हवं होतं.

"चालल्या असत्या," सगुणाबाई म्हणाली.

"आये, तुला काय म्हाईत," हनुमंत म्हणाला, आणि त्याला खोकला आला. शिकवल्याप्रमाणं त्यानं तोंडाला रुमाल धरला आणि भिंतीकडं वळून खोकत राहिला.

हर्षदा उठली. सासूकडं न बघता तिनं तिच्या हातातला कागद काढून घेतला आणि खिडकीवरच्या शिपायाला विचारलं, "यादीत नाव घालायला कुठं उभं राहायचं?"