पंधरा दिवस पुसायचं नाही

"झुरळं आहेत का गं तिथे?" आईने फोनवर विचारले, आणि ओट्याच्या कडेवर मिशा हलवत थांबलेल्या एका झुरळाकडे पाहत मी म्हणाले, "एकही नाही."

धाकटीला दमा आहे. धूळ आणि झुरळे असतील तिथे ही मुलगी टिकणार नाही, असे डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितले होते. माझ्याच महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव फार खाली होते, आणि माझ्यासोबत राहणारी मुलगी पदवी घेऊन निघून गेल्यामुळे माझ्या खोलीतली एक खाट रिकामी झाली होती. आईने निर्णय एका वाक्यात उरकला. "तू आहेस आणि जागा स्वच्छ आहे म्हणून पाठवते, नाहीतर राहू दे तिला घरी." धाकटी आता घरी राहिली तर कायमचीच राहील, हे आम्हा दोघी बहिणींना ठाऊक होते.

आमचे ते भाड्याचे घर विद्यार्थ्यांसाठी बांधलेले होते, म्हणजे कुणासाठीच बांधलेले नव्हते. चार मजले, प्रत्येक मजल्यावर एक खोली आणि एक अरुंद स्वयंपाकघर. चारही स्वयंपाकघरांच्या पाठीमागून सांडपाण्याचा एकच पाइप खाली उतरत असे आणि प्रत्येक लादीत त्याच्याभोवती बोटभर फट सोडलेली होती. आम्ही भाडेकरू एकमेकांना जिन्यात भेटलो तर नुसती मान हलवत असू. झुरळांचा मात्र चारही घरांशी घरोबा होता.

घरमालकांची एक पद्धत होती. ज्याची तक्रार येईल त्याच्याच मजल्यावर फवारणी. तळमजल्यावर फवारले की आठवडाभरात पहिल्या मजल्यावर माझ्या डब्यांच्या झाकणांखाली गर्दी होई. मी तक्रार केली की ती दुसऱ्या मजल्यावर जात, तिथून गच्चीखालच्या मजल्यावर, आणि महिन्याभराने पुन्हा तळाशी. या घरात मला तीन वर्षे झाली होती आणि तीन वर्षे मी हे स्थलांतर पाहत होते. चहाच्या कपात, पुस्तकांच्या शिवणीत, माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात चपटे होऊन पडलेले. रागावायचे तरी कुणावर हे कळत नसल्यामुळे तो राग दाताखाली आलेल्या खड्यासारखा दिवसभर तोंडात राही.

धाकटीसाठी मी तक्रार केली त्या खेपेस पेस्ट कंट्रोलवाले काका आले ते पंप खाली ठेवून ओट्यापाशी उकिडवे बसले. कपाटाच्या बिजागरीवर त्यांनी टॉर्च धरला. काळ्या मिरपुडीसारखे काही तरी तिथे साचले होते.

"मॅडम, मागच्या महिन्यात मी कुठे होतो?"

"खाली."

"त्याच्या आधी?"

"सगळ्यात वर."

"मग आपण झुरळं मारतोय कुठे? फिरवतोय." त्यांनी टॉर्च बंद केला. "आणि ही आता फवाऱ्याला भीक घालत नाहीत. विषाचं जेल लावू या, ती खातात आणि मरतात. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके, बिजागऱ्यांत, सिंकखाली, पाइपच्या भोवती. पण चारही मजले एकाच दिवशी. आणि पंधरा दिवस पुसायचं नाही, फवारायचं नाही. फवारलंत की ती ठिपक्याकडे फिरकतसुद्धा नाहीत."

"एवढंच ना?"

"एवढंच कुणाला जमत नाही. आठ-दहा दिवसांनी ती भरदिवसा बाहेर येतात, झोकांड्या खात, मरायला. लोक घाबरतात आणि घर धुऊन काढतात. शिकलेली माणसं जरा जास्तच."

आई आणि धाकटी येण्याला तेव्हा सतरा दिवस होते.

मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "तक्रार तुमची एकटीची आहे ना? मग तुमचा एकटीचा मजला." बाकीच्या तिघांनी तक्रार केली तर पाहू, असेही म्हणाले. हे त्यांनी अशा सुरात म्हटले की तसे कधी होणार नाही याची त्यांना खात्री असावी.

खात्री रास्त होती. झुरळे आहेत असे कबूल करणे म्हणजे आपण घाणेरडे आहोत असे कबूल करणे, अशी समजूत त्या घरात पक्की होती. दुसऱ्या मजल्यावरचा गिटारवाला दार अर्धवट उघडून म्हणाला, "आमच्याकडे? छे." त्याच्या खांद्यामागच्या भिंतीवर एक निवांत चढत होते. मी बोट दाखवले. त्याने वळून पाहिले. "हे तुमचं असेल," तो म्हणाला. "वर आलं असेल फिरायला."

गच्चीखालच्या दोघा इंजिनिअरिंगवाल्यांनी माझ्याकडून पाइपची आकृती काढून घेतली, तिच्यावर अर्धा तास वाद घातला आणि मग होकार दिला. तळमजल्यावर वाणिज्य शाखेची एक मुलगी एकटीच राहत होती. तिच्या सोबतिणीचे लग्न ठरून ती गेली होती. ही मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याला फाटकापाशी अडवून कोण, कुठले, कशाला अशी विचारपूस करी म्हणून मी तिला मनात हवालदार म्हणत असे. ती म्हणाली, "आहेत. भरपूर आहेत. मी रोज मारते. कुठे सही करू?" इतक्या सरळ उत्तराला मी तयार नव्हते. तिनेच मग गिटारवाल्याला गाठले आणि फाटकापाशी उभे करून तक्रार लिहून घेतली.

दोन दिवसांनी काकांनी चारही मजल्यांवर ठिपके लावले. मी प्रत्येक दाराशी जाऊन पंधरा दिवसांचा पाढा वाचला. पुसू नका. फवारू नका. घाबरू नका. आई यायची होती त्याच दिवशी ते पंधरा दिवस भरत होते, आणि या नेमकेपणात मला काही शुभ दिसत होते.

नवव्या दिवशी ती बाहेर येऊ लागली. एक सिंकमध्ये उताणे, पाय हवेत, कुणाची तरी विनवणी करीत असल्यासारखे. एक दाराच्या उंबऱ्यावर गोल गोल फिरत. माझ्या तीन वर्षांच्या हिशेबाने ती फार तर पन्नास असतील, पण त्या फटींतून जे निघत होते त्याला अंत नव्हता. मी मेलेली सुपलीत भरून टाकत होते आणि स्वतःला बजावत होते की असेच व्हायचे होते, असेच होणे चांगले आहे. जे बरे होत आहे ते इतके किळसवाणे का दिसावे, हे मात्र मला स्वतःला समजावता येत नव्हते.

चौदाव्या दिवशी दुपारी मी धाकटीच्या खाटेवर नवी चादर घातली. चहा करून परत आले तर चादरीच्या मधोमध एक होते. जिवंत, मंद, मिशांनी पांढरेपणा चाचपणारे.

त्यानंतरचे दोन तास मी शहाण्या माणसासारखी वागले नाही. सकाळी आई या खाटेवर बसणार, एवढेच डोळ्यांसमोर होते. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फवाऱ्याचे दोन डबे आणले. आधी गरम पाणी आणि साबण घेऊन बिजागऱ्या घासल्या, सिंकखालचा कप्पा घासला, पाइपभोवतीची फट घासली. फडक्याला तपकिरी ठिपके लागत होते आणि ते कसले आहेत हे मला कळत होते. हात थांबत नव्हते. मग खिडक्या लावून दोन्ही डबे संपवले, खाटेखालीसुद्धा. संध्याकाळी खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघर आरशासारखे लखलखत होते आणि एकही झुरळ दिसत नव्हते.

सकाळी पहिल्या बसने त्या दोघी आल्या. धाकटीने बॅग टाकली, मला मिठी मारली, खाटेवर बसून उशीला पाठ टेकली. आईने कपाटे उघडून पाहिली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावत गेलेला मी पाहिला. पाच मिनिटांनी धाकटीच्या छातीतून ती शिट्टी ऐकू आली. लहानपणी भिंतीपलीकडून ऐकत मी जागी राहायचे, तीच.

"ताई, कसला वास गं हा?" तिने दम्याचा पंप तोंडाशी धरला.

आईने तिला दंडाला धरून जिन्यात आणले. मला म्हणाली, "कधी फवारलंस?"

"काल."

"आम्ही येणार म्हणून?"

मी मान डोलावली.

"म्हणजे होती."

"होती."

"फोनवर?"

"तेव्हाही होती."

आईला ओरडण्याची सवय नाही. तिने फक्त आपल्या बॅगेचा बंद मुठीत घेतला. "परतीची बस किती वाजता आहे?"

धाकटी जिन्यात बसून श्वास मोजत होती. हवालदार फाटकापाशीच होती. तिने जिन्यापाशी येऊन नेहमीप्रमाणे विचारले, "कोण? कुठून आलात? हिला काय होतंय?" आणि उत्तराची वाट न पाहता धाकटीला आपल्या खोलीत नेऊन खिडकीजवळ बसवले. आईही मागोमाग गेली. मी दाराबाहेर.

"तुझ्याकडे नाहीत का?" आईने तिला विचारले.

"होती ना. काकू, किती म्हणून सांगू. आता मरतायत." तिने सिंकखालचा कप्पा उघडून ठिपके दाखवले, तपकिरी, शाबूत. "पंधरा दिवस फडकं लावलं नाही मी. जीव नुसता कासावीस झाला. पण ताईंनी बजावलं होतं. परवापासून एकही दिसलेलं नाही."

आईने टॉर्च मागितला. गुडघ्यांवर बसून तिने बिजागऱ्या पाहिल्या, पाइप पाहिला, गादी उचलून खाटेच्या फळ्या पाहिल्या. बराच वेळ लागला. दरम्यान धाकटीची शिट्टी हळूहळू विरली.

"ही दुसरी खाट कुणाची?"

"रिकामी आहे, काकू. मी सोबत शोधतेच आहे."

आईने धाकटीकडे पाहिले. धाकटीने माझ्याकडे पाहिले नाही. "मला चालेल," ती म्हणाली.

मी वर जाऊन काकांना फोन लावला. सांगितले. "पुसलं? आणि वर फवारलंसुद्धा?" ते म्हणाले. "मग तुमच्याकडे महिनाभर काही लावण्यात अर्थ नाही, मॅडम. आणि खालीवर दोघांना सांगून ठेवा, पाइपची फट बुजवून घ्या म्हणावं. तुमच्याकडची जातील कुठे?"

नवी चादर काढून मी तिची घडी घातली आणि धाकटीची बॅग घेऊन खाली आले. आई खाट पुसत होती. धाकटी हवालदाराला आपल्या विषयांची नावे सांगत होती आणि ती प्रत्येक विषयाला नाक मुरडत होती. दोघी हसत होत्या. मी आत पाऊल टाकणार तोच धाकटीने हात पुढे केला.

"ताई, दारातच थांब ना. तुझ्या कपड्यांना वास येतोय."