तारण ठेवलेला लेथ

मित्रांनो, पंजाबातल्या बटाल्याच्या ओतशाळेत आकाराला आलेला आणि भोपाळच्या आनंद नगरात लोखंड सोलून त्याला गोलाई देण्यात हयात घालवलेला मी एक जुना लेथ आहे.

माझे मालक प्रभाकरराव. मोठ्या कारखान्यांना लागणारे गोल सुटे भाग त्यांची छोटी कंपनी माझ्यावर घडवीत असे, आणि त्या भागांची सफाई पाहून तपासनीसही मान डोलवीत. पुढे कर्ज काढून दोन नवी यंत्रे आली आणि माझ्यावर धूळ साचू लागली. त्याचा राग मी धरला नाही. कर्जासाठी त्या यंत्रांबरोबर मीही बँकेकडे तारण होतो. मग सर्वांत मोठे गिऱ्हाईक बुडाले आणि हप्ते थकले.

एका रविवारी दुपारी मालकीणबाई सुचेताताईंचे धाकटे बंधू मनोहर टेम्पो घेऊन आले.

“भाऊजी, नवी मशिनं जाऊ द्या बँकेला. हा म्हातारा माझ्या पिपलानीच्या क्वार्टरमागे झाकून ठेवू. पुढे याच्यावरच पुन्हा उभे राहाल.”

प्रभाकररावांनी माझ्यावर हात ठेवला. खरे सांगतो, मलाही जावेसे वाटले. तिथे निदान मी त्यांचाच राहिलो असतो.

“मन्या, तारणातली वस्तू लपवायची म्हणजे चोरीच ना?” सुचेताताई म्हणाल्या. “आणि तीही माझ्या माहेरी?”

“ताई, त्यांना उभं राहायचंय की नाही?”

“राहायचंय. तोंड लपवून नाही.”

प्रभाकररावांनी माझ्यावरचा हात काढला. “टेम्पो परत ने, मनोहर.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बँकेच्या सोनल मॅडमना आणि उधारीवर पोलाद देणारे व्यापारी जितेंद्रजींना बोलावून परिस्थिती उघड सांगितली. जितेंद्रजी खुर्ची ओढत म्हणाले, “भाग जाते तो ढूँढता, प्रभाकरजी. बुलाया है, तो बैठकर रास्ता निकालते हैं.” ठरले ते असे: बँकेच्या संमतीने सगळी यंत्रे विकायची, कंपनी रीतसर बंद करायची आणि उरलेले देणे झेपेल तसे फेडायचे.

मला पाहायला अयोध्या नगरचे कारखानदार परीक्षित आले. प्रभाकरराव माझे दुखणे सांगत सुटले: इथे थरथर, तिथे झीज, थंडीत जरा उशिरा तापतो.

“अहो, विकायला काढलाय की दवाखान्यात आणलाय?” सुचेताताईंनी टोकले.

परीक्षित हसले. “इतकं खरं सांगणारा माणूस मला मशीनपेक्षा जास्त हवाय. चालवायला तुम्हीच या ना!”

सुचेताताईंचा मी ऋणी आहे. यंत्राला कसली कृतज्ञता, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच, की मला लपवले असते तर मी गंजलो असतो, आणि माझ्या धन्याची मान कायमची खाली गेली असती. म्हणून मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल द्या आणि अडचण आली तर ती झाकू नका.

पुढे एका सोमवारी अयोध्या नगरात आठचा भोंगा झाला. परीक्षितांच्या कारखान्याचा निळा सदरा घातलेले प्रभाकरराव आले, माझ्यावरचे कापड त्यांनी बाजूला केले आणि म्हणाले, “चल.”