बाबांच्या अंगावरचा जड एप्रन

मित्रांनो, मी एक्स-रेच्या खोलीतला जुना एप्रन आहे. माझ्या पोटात शिशाचे पातळ थर आहेत. आजारी मुलाजवळ थांबणाऱ्या माणसाला किरणांपासून जपायचं, हे माझं काम. नवा होतो तेव्हा गडद निळा होतो, आता विटून राखी झालोय. मला चढवणारा प्रत्येक जण आधी "बाप रे, केवढा जड!" म्हणतो. कौतुक म्हणाल तर एवढंच.

एका सकाळी भिंगरी आली. पाच वर्षांची असेल. तिला सारखा ताप यायचा. लघवी खालून उलटी वर चढते का, ते बघायचं होतं.

"घरी काय सांगितलंय हिला?" सिस्टरने विचारलं.

"नुसता फोटो काढायचाय म्हणून," आई पुटपुटली.

"मग आता खरं सांगू या."

सिस्टरने कापडी बाहुली मांडीवर घेतली आणि शूच्या जागेतून बारीक नळी कशी जाते, ते दाखवलं. नळीतून पाणी पोटातल्या पिशवीत जाणार, पिशवी भरली की टेबलावरच शू करायची.

"दुखेल?"

"नळी जाताना चुरचुरेल, मग थांबेल. रडलीस तरी चालेल, हलायचं मात्र नाही. फुगा फुगवतेस तशी लांब फुंकर मार."

"भलतीकडे शू केली की आई रागावते."

"आज कुणी रागावणार नाही."

भिंगरीने बाहुलीवर दोनदा फुंकर मारून पाहिली. "आई, तू आत हवीस," ती म्हणाली.

पण आईच्या पोटात बाळ होतं, तिला आत येता येत नव्हतं. भिंगरीचा चेहरा पडला. मग बाबा उठले. ते बसवर कंडक्टर होते. तिची शू-शी आजवर आईच बघायची, त्यामुळे ते पार अवघडले होते. तरी त्यांनी मला अंगावर चढवलं आणि टेबलाशी जाऊन उभे राहिले.

नळी जाताना भिंगरी रडली, पण बाबांचं बोट धरून फुंकर मारत राहिली. हलली नाही. पिशवी भरली. सिस्टर म्हणाली, "कर आता."

होईना. सगळे वाट बघत होते. "कर बाळा, कर ना," म्हणत होते. तिने ओठ आणखी घट्ट मिटले. पोट तट्ट फुगलं होतं. शू झालीच नाही, तर सगळं पुन्हा करावं लागणार होतं.

"सगळे बघतायत," ती हुंदका देत म्हणाली.

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बोट मात्र सोडलं नाही. मग रोजच्या खणखणीत आवाजात ओरडले, "चला, भाजीबाजार! पुढे सरका, शाळा! शेवटचा थांबा, पाण्याची टाकी! टाकी रिकामी करून उतरा!"

भिंगरीला खुदकन हसू फुटलं आणि हसता हसता शू सुटली. काचेपलीकडे भराभर फोटो निघाले.

एका बाजूने लघवी थोडी वर चढत होती. डॉक्टरांनी औषध ठरवून दिलं. आता कारण तरी कळलं होतं.

बाहेर येताच भिंगरी म्हणाली, "आई, नुसता फोटो नव्हता. नळीपण होती. चुरचुरलं."

"चुकलं गं माझं," आईने तिला जवळ घेतलं. "पुढच्या वेळी सगळं सांगेन."

इकडे बाबांनी मला काढलं आणि सदऱ्यासारखी घडी घालून खुर्चीवर ठेवलं. सिस्टरने धावत येऊन मला खुंटीवर टांगलं. घडी पडली की आतलं शिसं तडकतं, भेगेतून किरण शिरतात आणि वरून कळतही नाही. घाईत असं पुष्कळदा झालंय.

मित्रांनो, कधी अशा खोलीत यावं लागलं तर बिनधास्त विचारा: काय करणार? दुखेल का? माझ्याबरोबर कोण असेल? मोठ्यांनी तुम्हाला खरं सांगायलाच हवं. आणि जाताना बाबांना म्हणा, एप्रनची घडी नको, खुंटीला अडकवा. उद्या आणखी कुणाचे तरी बाबा आत यायचे आहेत.